चोपन्न ग्रॅमचं बंदर

डहाणूजवळच्या वाढवण बंदराला जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, तेव्हा खर्चाचा आकडा होता ७६,२२० कोटी रुपये. समुद्रात १,४४८ हेक्टर भराव, वर्षाला जवळपास ३० कोटी टन माल. एवढा पैसा डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून तो जरा वेगळ्या तराजूत घालून पाहू.

त्याच्या दहा वर्षं आधी, जून २०१४ मध्येच, न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात ब्रिटिश गियानाचं १८५६ सालचं एक सेंटचं पोस्टाचं तिकीट ९४.८ लाख डॉलरला गेलं. तेव्हाच्या दराने साधारण ५६ कोटी रुपये. तिकिटाचं वजन ०.०४ ग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमला पंचवीस तिकिटं बसणार आणि ग्रॅमचा भाव १,४०० कोटी रुपये पडणार. या भावाने अख्खं वाढवण बंदर चोपन्न ग्रॅममध्ये आटोपतं. जुन्या मापाने पाच तोळेसुद्धा भरत नाहीत.

हे तिकीट निघालं कुठून? घरातल्या रद्दीतून. १८७३ मध्ये लुई व्हॉन नावाच्या बारा वर्षांच्या पोराला ते घरच्या जुन्या कागदपत्रांत मिळालं. कोपरे कापलेलं, रंग उडालेलं. त्याने ते सहा शिलिंगला विकून टाकलं. पोराला हसण्यात अर्थ नाही, कारण २०१४ च्या खरेदीदारालाही ते फळलं नाही. २०२१ मध्ये तेच तिकीट ८३ लाख डॉलरला गेलं, म्हणजे सात वर्षांत दहा लाखांवर डॉलर बुडाले. जुन्या वस्तूंचे भाव चढतच जातात असं सांगणारे हा आकडा सोयीस्कर विसरतात.

आपल्याकडचा एक आकडा पंढरपुरात जन्मलेले चित्रकार एम. एफ. हुसेन यांचा. त्यांचं १९५४ सालचं ‘ग्राम यात्रा’ हे जवळपास चौदा फुटी चित्र दिल्लीत जागतिक आरोग्य संघटनेच्या कामावर आलेल्या एका डॉक्टरांनी घेतलं, नॉर्वेला नेलं आणि पुढे ते ओस्लोच्या रुग्णालयाकडे गेलं. तिथे ते कित्येक दशकं बाजाराच्या नजरेआड होतं. मार्च २०२५ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात त्याचे सुमारे ११८ कोटी रुपये आले. चित्र थोर आहेच, पण कोणी घेतलं, कधी घेतलं, कोणाला दिलं याची साखळी कुठे तुटली नव्हती. ती नसती तर आधी ‘हे खरं कशावरून?’ इथूनच सुरुवात झाली असती.

आता आपल्या माळ्यावर चढू. डहाणूच्या पट्ट्यात जुनं घर आवरायला काढलं की निघणार पत्र्याची ट्रंक, पितळी समई, अडकित्ता आणि देव्हाऱ्यातल्या डबीत दोन-चार राणीछाप रुपये. रुपयाचं वजन ११.६६ ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात निव्वळ चांदी सुमारे १०.७ ग्रॅम. हे रुपये टांकसाळीने कोट्यवधींनी पाडले, त्यामुळे बहुतेकांची किंमत चांदीच्या आसपासच घुटमळते. रामदरबाराचं ‘कंपनी सरकारचं’ नाणं निघालं तर ते देव्हाऱ्यातच राहू द्या. ईस्ट इंडिया कंपनीने तसं नाणं कधी पाडलंच नाही. आणि जुनं नाणं लाखोंना घेतो, आधी शुल्क भरा, असा फोन आला तर ठेवून द्या. रिझर्व्ह बँकेच्या नावाने चालणाऱ्या या फसवणुकीबद्दल खुद्द बँकेने २०२१ मध्ये सावध केलं होतं.

१९११ सालचा रुपया मात्र भिंग घेऊन बघा. पंचम जॉर्जच्या झग्यावर हत्ती कोरला होता, तो लोकांना डुकरासारखा दिसला. गदारोळ झाला. पाडलेल्या ९४ लाख रुपयांपैकी ७ लाखच बाहेर पडले, उरलेले परत घेऊन वितळवले. पुढच्या वर्षी हत्ती नीट कोरला. नाण्याला भाव चढतो तो असा, चुकीतून आणि टंचाईतून.

पण ज्या वस्तूला बाजारात भावच नाही, तिचं काय? पुण्याच्या दिनकर केळकरांनी नेमक्या त्याच गोळा केल्या. दिवे, अडकित्ते, फण्या, वज्री, घरोघरी अडगळ ठरलेल्या वस्तू. १९२० च्या सुमाराला लागलेला हा नाद १९७५ मध्ये संग्रह सरकारला देईपर्यंत चालला. तोवर वीस हजारांच्या घरात वस्तू झाल्या. पंचावन्न वर्षांचे दिवस मोजले तर तेही वीस हजारच भरतात. सरासरी रोज एक वस्तू! लिलावातल्या कोणत्याही आकड्यापेक्षा मला हा आकडा जास्त चक्रावतो.

वाढवणच्या शेजारच्या चिंचणीत १९५५ मध्ये जमिनीतून ताम्रपट निघाले. दिनेशचंद्र सरकारांनी त्यांवरची पाच दानपत्रं वाचून प्रसिद्ध केली. एक शके ८४८ चं, म्हणजे इसवी सन ९२६ चं. त्यात राष्ट्रकूट राजा तिसऱ्या इंद्राच्या वतीने संजाणचा कारभार पाहणारा मोहम्मद नावाचा अरब अधिकारी येतो. त्याने दोन प्रवाहांवर फुकट होडी ठेवली आणि संजाणला अन्नछत्र घातलं. तिथे साळीचा भात, कालवण आणि तूप मिळे, पैसे नाहीत. हजार वर्षांपूर्वीचा हा किनारा आपल्याला एवढा जवळून दिसतो तो त्या पत्र्यांमुळे. मोडीत घातले असते तर तांब्याचा भाव आला असता, बस्स.

कायदाही माहीत असलेला बरा. जमिनीत पुरलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं धन सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचं, असं १८७८ चा कायदा सांगतो. तेव्हाचे दहा रुपये म्हणजे दहा तोळ्यांची चांदीची नाणी, पण मर्यादा आजही दहाच! शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागू होतो, महत्त्वाच्या हस्तलिखितांना पंचाहत्तर वर्षांनंतरच. खाजगी माणसाला अशा वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

शेवटी चिंचणी, वरोर, वाढवणच्या डाय कारागिरांना एक विनंती. दागिन्यांची नक्षी उठवणारे हे लोखंडी ठसे तुमच्या घरांत पडून आहेत आणि जुने झाले की भंगारात किलोवर जातात. बंदराने हा पट्टा बदलणार, धंदेही बदलतील. घरटी चार जुने डाय बाजूला काढा. घासूनपुसून चकचकीत करू नका. कोणी कोरला, कोणत्या दागिन्याचा, साधारण कोणत्या साली, एवढं चिठ्ठीवर लिहून सोबत बांधा. भंगारवाल्याला त्यानंतर बोलवा.