तीन खेळाडू, एक कर्णधार: कुमार टेनिसमधील सांघिक स्पर्धा

कुमार टेनिसमध्ये देशादेशांच्या संघांत होणाऱ्या जागतिक स्पर्धांच्या दोन पायऱ्या आहेत. पहिली 14 वर्षांपर्यंतच्या मुलामुलींची ‘वर्ल्ड ज्युनियर टेनिस’. ती 1991 मध्ये सुरू झाली आणि 1999 पासून तिची अंतिम फेरी चेक प्रजासत्ताकातील प्रोस्तेयोव्ह शहरात होते. दुसरी पायरी 16 वर्षांपर्यंतच्या खेळाडूंची: मुलांचा ज्युनियर डेव्हिस कप आणि मुलींचा ज्युनियर बिली जीन किंग कप. ही स्पर्धा 1985 साली जपानमधल्या कोबे येथे ‘वर्ल्ड यूथ कप’ या नावाने सुरू झाली. वय कॅलेंडर वर्षावर मोजले जाते. त्यामुळे जानेवारीत जन्मलेला मुलगा आणि त्याच वर्षी डिसेंबरात जन्मलेला मुलगा एकाच गटात येतात, आणि चौदाव्या वर्षी अकरा महिन्यांचा फरक सर्व्हिसच्या वेगात लगेच कळतो.

संघ लहान असतो: तीन खेळाडू आणि एक न खेळणारा कर्णधार. प्रत्येक लढतीत दोन एकेरी आणि एक दुहेरी सामना. आधी दोन्ही संघांचे दुसऱ्या क्रमांकाचे खेळाडू भिडतात, मग पहिल्या क्रमांकाचे, आणि शेवटी दुहेरी. गटसाखळीत बरोबरी झाली तर सामने, सेट, प्रसंगी गेमसुद्धा मोजले जातात, म्हणून 2-0 अशी आघाडी मिळाली तरी दुहेरी गांभीर्यानेच खेळावी लागते. कर्णधार कोर्टवरच्या बाकावर बसतो आणि बाजू बदलताना खेळाडूशी बोलतो. एरवीच्या वैयक्तिक स्पर्धांत प्रशिक्षक कोर्टाबाहेर असतो आणि मूल आत एकटे. हा फरक कागदावर किरकोळ दिसतो, कोर्टवर मात्र फार मोठा असतो.

दुहेरीचे वजन किती, हे महाराष्ट्रातल्या प्रेक्षकांनी एप्रिल 2025 मध्ये पुण्याच्या म्हाळुंगे-बालेवाडी संकुलात पाहिले. स्पर्धा मोठ्या महिलांची, बिली जीन किंग कपच्या आशिया-ओशनिया गटाची. लढतीचा साचा मात्र हाच, दोन एकेरी आणि एक दुहेरी. भारत न्यूझीलंडकडून हरला होता. पुढे कोरियाविरुद्ध एकेरीत 1-1 झाले आणि निकाल दुहेरीवर आला. अंकिता रैनाच्या जोडीला बार्शीची प्रार्थना ठोंबरे होती. दोघींनी सामना जिंकला आणि भारताने प्ले-ऑफ गाठला. एकेरीच्या क्रमवारीच्या मागे धावणाऱ्या पालकांनी दुहेरीचा सराव ‘वेळ उरला तर’ या खात्यात टाकू नये, ते यासाठी.

जागतिक अंतिम फेरीत 16 संघ खेळतात. तिथे पोहोचण्यासाठी भारताला आशिया-ओशनिया विभागातून पात्र व्हावे लागते. खेळाडूंची निवड अखिल भारतीय टेनिस संघटना करते. ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या मुलासाठी ही वाट घराखालून सुरू होते. माजिवड्यापासून गायमुखपर्यंत उभ्या राहिलेल्या टॉवरांच्या काही संकुलांत क्लबहाऊसच्या बाजूला टेनिस कोर्ट असते. अशा एखाद्याच कोर्टवर सकाळी मोठ्यांचे, संध्याकाळी कोचिंगचे स्लॉट लागतात. मुलाचे टेनिस म्हणजे तासाभराचा स्लॉट, एक प्रशिक्षक आणि बास्केटमधले चेंडू. पुढे 12, 14, 16 वर्षांखालील राज्य आणि राष्ट्रीय मानांकन स्पर्धा सुरू होतात. त्यांचा प्रवास, राहणे, प्रवेशशुल्क, रॅकेटचे गटिंग हे सगळे साधारणपणे पालकांच्या खिशातून जाते. या सगळ्या वर्षांत मूल स्वतःच्या गुणांसाठी खेळते; दुसऱ्यासाठी बाकावरून टाळ्या वाजवण्याचा प्रसंग त्याच्यावर जवळजवळ येतच नाही. संघात निवड झाल्यावर मात्र तिसऱ्या क्रमांकाच्या खेळाडूला एकेरीत एकही सामना न मिळता नेमके तेच करावे लागते.

दुसरी अडचण कोर्टाची. संकुलांतली कोर्टे बहुधा सिमेंटवर ॲक्रिलिकचा थर दिलेली, म्हणजे हार्ड कोर्ट. प्रोस्तेयोव्हला मात्र लाल क्ले असते, आणि 16 वर्षांच्या गटाची अंतिम फेरीही बऱ्याचदा क्लेवरच झाली आहे. क्लेवर चेंडू मंदावतो आणि उंच उसळतो, रॅली लांबतात, पाय घसरवत चेंडूपर्यंत जावे लागते. हार्ड कोर्टवर दोन फटक्यांत गुण मिळवायची सवय लागलेल्या मुलाला तिथे एकेका गुणासाठी आठ-दहा फटके मारावे लागतात. हे घसरणे चार दिवसांच्या शिबिरात अंगवळणी पडत नाही. स्पेन-इटलीची मुले क्लेवरच मोठी होतात.

16 वर्षांच्या गटाच्या स्पर्धेतून पुढे आलेली नावे मोठी आहेत. 2002 मध्ये ज्युनियर डेव्हिस कप जिंकणाऱ्या स्पेनच्या संघात राफाएल नदाल होता. 2011 मध्ये मुलींचा करंडक ॲश्ले बार्टीच्या ऑस्ट्रेलियाने जिंकला. 2018 साली बुडापेस्टमध्ये मुलांत कार्लोस अल्काराझचा स्पेन आणि मुलींत कोको गॉफची अमेरिका विजेते ठरले. तेव्हा गॉफ 14 वर्षांची होती. 18 वर्षांखालील मुलांसाठी पूर्वी फ्लोरिडात सनशाइन कप होत असे, तो आता होत नाही. त्यामुळे सोळाव्या वर्षानंतर जागतिक पातळीवर देशाच्या संघातून खेळायचे, तर पुढची पायरी थेट डेव्हिस कप आणि बिली जीन किंग कपची आहे.