हार्डिंज पूल: पोलादाइतकेच श्रेय तळाला

बांगलादेशात पाकशीजवळ पद्मा नदीवर हार्डिंज पूल उभा आहे. प्रत्येकी सुमारे ३४५ फुटांचे १५ मुख्य गाळे, जवळपास १.८ किलोमीटर लांबी आणि त्यावरून धावणारा दुहेरी रेल्वेमार्ग. १९१५ मध्ये तो वाहतुकीला खुला झाला. त्याचे कौतुक होते ते बहुतेक पोलादी सांगाड्याचे. पण पद्मेचे पात्र गाळाचे. तिथे खांबाला खडक मिळत नाही, आणि पुरात खांबाभोवतीची वाळू खोलवर खरवडली जाते. म्हणून या पुलाच्या दीर्घायुष्याचे मोठे श्रेय खांबांचा पाया असलेल्या पाण्याखालच्या विहिरींना आणि काठावरच्या बांधांना द्यायला हवे.

विहीर उतरवण्याची रीत संयमाची असते. तळाशी पोलादी धारेचे कडे बसवायचे, त्यावर भिंत चढवत न्यायची आणि आतली वाळू यांत्रिक पंजाने उपसायची. विहीर आपल्याच वजनाने खाली सरकते. एका अंगाची वाळू जास्त निघाली तर ती कलते, मग उपसा दुसऱ्या अंगाने करून तिला सरळ करावे लागते. इथे या विहिरी नीचतम जलपातळीखाली दीडशे फुटांच्याही पुढे उतरवल्या गेल्या. पण तेवढ्याने भागत नाही, कारण पात्र बदलणारी नदी पुलाला वळसाही घालू शकते. मुख्य अभियंता रॉबर्ट गेल्स यांनी म्हणूनच दगडांनी मढवलेले मार्गदर्शक बांध घातले. अशा बांधाच्या पायथ्याशी सुटे दगड पसरलेले असतात. प्रवाहाने तळ खरवडला की ते खड्ड्यात घसरून उतारावर आपोआप नवे कवच चढवतात.

यावर कोणी म्हणेल, १९७१ च्या युद्धात पडला तो पोलादी गाळाच. खरे आहे, पण पोलादी गाळा नव्याने बसवता येतो. १९७२ मध्ये गाड्या पुन्हा सुरू झाल्या. नदीने पात्रच सोडले असते, तर इतकी सोपी दुरुस्ती नव्हती. १९७५ मध्ये वरच्या अंगाला भारतात फराक्का बंधारा सुरू झाल्यावर नदी रोडावली, आता बांधांची चिंता कशाला, असाही प्रश्न येतो. परंतु रोडावतो तो मुख्यतः उन्हाळी प्रवाह, आणि तळ खरवडतो पावसाळी पूर. म्हणून गाळाच्या नदीवरील पुलाची तपासणी गंज आणि रंगाशी थांबता कामा नये. दर पावसाळ्यानंतर पात्राची खोली आणि बांधांचे दगड तपासलेच पाहिजेत.