गच्चीवरचं यंत्र ढगांकडे बघतच नाही

घरगुती हवामान केंद्राच्या पडद्यावर तापमान, वारा, पाऊस यांच्या खाली कधीकधी ढगांची उंचीही झळकते: १०७५ मीटर. यंत्रात वर रोखलेलं काहीतरी असणार, असं बहुतेकांना वाटतं. तसलं काम विमानतळावरचा सिलोमीटर करतो. तो लेझरचा झोत सोडतो आणि ढगावरून परतायला लागलेला वेळ मोजतो. दीड किलोमीटरवरच्या ढगासाठी हा वेळ सेकंदाचा एक लाखावा भाग. गच्चीवरच्या यंत्राकडे तापमान आणि आर्द्रता एवढंच भांडवल.

त्यावरून ते दवबिंदू काढतं, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा. जमिनीलगत तापलेली हवा वर जाताना दर किलोमीटरला सुमारे ९.८ अंशांनी थंड होते. दाब घटल्यामुळे दवबिंदूही उतरतो, पण जेमतेम १.८ अंशांनी. दोघांतली दरी किलोमीटरमागे ८ अंशांनी बुजते, म्हणजे अंशाला १२५ मीटर. हवा ३० अंश, आर्द्रता ६० टक्के, तर दवबिंदू २१.४, फरक ८.६, गुणिले १२५. झाले १०७५.

आकडा दिसतो म्हणजे ढग आहेच, हाही भ्रमच. पुण्यात एप्रिलच्या दुपारी तापमान ३८ आणि दवबिंदू १० असेल, तर निरभ्र आकाशाखालीही यंत्र खुशाल ३५०० मीटर सांगेल. त्याचं म्हणणं इतकंच, की इथली हवा वर गेली आणि ढग झालाच, तर तळ तिथे असेल. म्हणून हा हिशोब दुपारच्या पुंजक्या-पुंजक्यांच्या ढगांना बरा लागू पडतो. आठ-दहा किलोमीटरवरच्या पिसासारख्या ढगांचा जमिनीवरच्या आर्द्रतेशी संबंध नाही. रात्री जमीन निवल्यावर खालची हवा वर चढतच नाही. तेव्हा तर त्या आकड्याकडे बघूच नये.

उंची कुठपासून, इथेही घोळ होतो. हिशोब यंत्रापासून वरचा असतो, समुद्रसपाटीपासूनचा नव्हे. पावसाळ्यात खोपोलीला २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असली, तर उत्तर येतं ३४० मीटरच्या आसपास. गाव समुद्रसपाटीपासून शंभर मीटरच्याही आत, म्हणजे ढगाचा तळ फार तर साडेचारशेवर. लोणावळा सुमारे ६२० मीटरवर. वारा ही हवा घाटावर ढकलतो आणि बोरघाट चढता चढता गाड्यांचे दिवे लागतात. इथे सूर्याने हवा तापवून उचलायची गरज नसते, ते काम सह्याद्री करतो, गणित तेच.

आणि आकडा चुकला की सूत्राला बोल लावण्याआधी सेन्सर कुठे टांगलाय ते पाहावं. तापलेल्या स्लॅबजवळ, उन्हात बसवलेला सेन्सर तापमान ३ अंश जास्त दाखवतो तेव्हा दवबिंदू मात्र जवळपास तोच राहतो, त्यामुळे ढग थेट ३७५ मीटर वर सरकतो. आर्द्रतेतली ३ टक्क्यांची चूकही शंभरेक मीटर खाते. शेवटचे दोन अंक मनावर घेऊ नयेत.