गोल्फमध्ये अंपायर सोबत नसतो, मग चूक पकडतं कोण?

नाशिकमध्ये रिक्षावाल्याला 'गोल्फ क्लब' म्हणालात, तर तो तुम्हाला क्रिकेटच्या मैदानावर सोडेल. गोल्फ क्लब मैदान म्हणजेच हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. इथं रणजीचे सामने झालेत.

क्रिकेटमध्ये बॅटची कड लागली तरी बॅट्समन अंपायरकडे बघत उभा राहू शकतो. बोट वर गेलं नाही, तर खेळ पुढे चालू. खऱ्या गोल्फमध्ये मात्र अशी चूक लपवणं म्हणजे फसवणूक.

असं का?

गोल्फचं मैदान कित्येक एकरांत पसरलेलं असतं. मोठ्या स्पर्धांत नियम बघणारे अधिकारी असतात, पण ते प्रत्येक खेळाडूमागे फिरत नाहीत. त्यामुळे नियम मोडला तर खेळाडूनं स्वतःच सांगायचं आणि दंडाचा फटका आपल्या स्कोअरमध्ये मिळवायचा, असं नियमच सांगतो. आणि इथं सगळ्यात कमी फटके मारणारा जिंकतो.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेचा बॉबी जोन्स. १९२५ च्या यूएस ओपनमध्ये फटका मारायच्या तयारीत असताना त्याचा बॉल किंचित हलला. दुसऱ्या कुणीच ते पाहिलं नव्हतं. तरी त्यानं एका फटक्याचा दंड घेतलाच. शेवटी विली मॅकफार्लेनशी त्याची बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तो हरला. तो एक फटका नसता, तर जोन्स थेट जिंकला असता.

पण हा माणूस जन्मतः शांत होता का? अजिबात नाही. १९२१ मध्ये, १९ वर्षांचा असताना, सेंट अँड्र्यूजच्या ब्रिटिश ओपनमध्ये तो वाळूच्या खड्ड्यात अडकला, भडकला आणि फेरी अर्धवट सोडून मोकळा झाला. पुढे याची त्याला लाज वाटली. आज यूएस गोल्फ असोसिएशनचा खिलाडूवृत्तीचा पुरस्कार त्याच्याच नावानं दिला जातो.

गोल्फमध्ये राग येतो तो खेळाच्या रचनेमुळेच. एक फेरी चार-पाच तास चालते, पण प्रत्यक्ष फटके मारायला काही मिनिटंच लागतात. बाकी वेळ चालायचं आणि मागच्या चुकीचा विचार करायचा. बॉल तर जागेवर स्थिर असतो, म्हणजे दोष तरी कुणाला देणार?

म्हणून मोठमोठ्यांचा तोल जातो. २०१५ मध्ये रोरी मॅकिलरॉयनं आपली क्लब तळ्यात भिरकावली. २०२५ च्या यूएस ओपनमध्ये विंडम क्लार्कनं ओकमाँट क्लबच्या लॉकरची मोडतोड केली. माफी मागूनही क्लबनं त्याला बंदी घातली.

यावर पुण्यात जन्मलेल्या अनिर्बान लाहिरीचा उपाय आपल्या ओळखीचा आहे. तो विपश्यना करतो. आलेली भावना नुसती बघायची, तिच्यामागे धावायचं नाही, असं ही पद्धत शिकवते. तिचं मोठं केंद्र, धम्मगिरी, नाशिक जिल्ह्यातच इगतपुरीला आहे.

राग सगळ्यांनाच येतो, जोन्सलाही यायचा. पण कुणी बघत नसताना आपण काय करतो, यावरच माणूस ओळखायचा.