शेळी, माळढोक आणि भूमिहीन माणूस

मैंदर्गीसारख्या गावात भूमिहीन घराला दोन-चार शेळ्या म्हणजे अडीनडीची पुंजी. मुलांची फी असो की दवाखाना, शेळी विकूनच भागते. पण ती चारायची कुठे? ज्याला शेत नाही, त्याला गायरान आणि माळ हाच आधार.

याच माळावर माळढोक पक्षीही जगतो. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूर-नगर जिल्ह्यांत ८,४९६ चौरस किलोमीटरचे अभयारण्य झाले. पुढे ते पुष्कळ कमी केले गेले. मादी बहुधा एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर. कळपाच्या खुरांखाली ते फुटू शकते, म्हणून राखीव कुरणात चराईला अटकाव आला. तरीही पक्षी घटतच गेला. माळ नांगरले गेले, ऊस वाढला, विजेच्या तारा आल्या. बोल मात्र शेळीला लागला!

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांसाठी सत्याग्रह केले, ते जमिनीवर गरिबाचाही हक्क आहे म्हणून. सम्राट अशोकाने माणसे आणि जनावरे दोघांसाठी औषधी वनस्पती लावल्या, विहिरी खोदल्या, असे त्याचे शिलालेख सांगतात. वाट तीच आहे. पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत अंड्यांची जागा जरूर राखावी. त्या बदल्यात भूमिहीनांना गवत कापून नेण्याचा हक्क द्यावा. आणि हे ठरवणाऱ्या बैठकीत शेळ्या राखणाऱ्या आपल्या आयाबहिणींना पहिल्या रांगेत बसवावे.