लेक शिकवायला परदेशी निघाली तर?

मैत्रिणींनो, इंग्रजी शिकवणाऱ्या तरुण शिक्षिकेला फुलब्राइट योजनेतून ९ महिने अमेरिकेतल्या विद्यापीठात सहायक म्हणून शिकवता येते. तिथे शिकवायची मात्र हिंदी किंवा उर्दूसारखी भाषा, गंमतच! वयाची अट २१ ते २९, म्हणजे नेमके आपल्याकडचे लग्नाचे वय. ‘स्थळ हातचे जाईल’ म्हणून आपल्या बुलढाण्यात लेकीला अडवू नका. ९ महिने चांगले स्थळ थांबते हो!

पंडिता रमाबाई १८८३ साली पंचविशीत, लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. चेल्टनहॅमच्या कॉलेजात शिकता शिकता त्यांनी संस्कृत शिकवले, शाकाहारही सांभाळला.

सामानात मेतकूट, येसर द्या. बर्फातला जाड कोट तिला तिकडेच घेऊ द्या. हिवाळ्यात न्यूयॉर्क साडेदहा तास मागे. आपल्या सकाळी ७ ला फोन केलात तर तिकडे आदल्या रात्रीचे साडेआठ, ती जेवून निवांत असेल.