संगणकांची सावड : समस्तरीय फाइल-वाटपाचे तत्त्व आणि उपयोग

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड हे तालुके मुख्यत्वे भातशेतीचे. भाताची लावणी एकट्या कुटुंबाच्या हातून वेळेवर उरकत नाही. म्हणून कोकणपट्टीतील शेतकरी पूर्वापार सावडीचा आश्रय घेत आला आहे. आज एकाच्या खाचरात चार घरची माणसे उतरतात, उद्या तो त्यांच्या खाचरांत उतरतो. मजुरी कोणी कोणास देत नाही. परंतु कोण आले आणि कोण आले नाही, हे प्रत्येकाच्या ध्यानात असते. पीअर-टू-पीअर, म्हणजे समस्तरीय, फाइल-वाटपाची पद्धती याच तत्त्वावर उभी आहे.

इंटरनेटवरील नेहमीच्या व्यवहारात फाइल एका मध्यवर्ती संगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, असते व मागणी करणारा प्रत्येक जण ती तेथूनच उतरवून घेतो. मागणी वाढली की सर्व्हरवरील ताण वाढतो, आणि तो बंद पडला की सर्वांचेच काम थांबते. समस्तरीय पद्धतीत घेणारा प्रत्येक संगणक देणाराही होतो. त्यामुळे मागणीबरोबर पुरवठाही वाढतो.

या पद्धतीचा व्यापक प्रसार 1999 साली निघालेल्या नॅपस्टरपासून झाला. गाणी सभासदांच्या संगणकांवर असत, पण त्यांची सूची मात्र नॅपस्टरच्या मध्यवर्ती संगणकावर होती. न्यायालयीन कारवाईनंतर 2001 साली ती सेवा बंद पडली. सूची एका ठिकाणी असणे हेच तिचे मर्मस्थान ठरले. त्याच वर्षी ब्रॅम कोहेन यांनी बिटटॉरेंट ही नियमावली प्रसिद्ध केली. पुढे 2002 साली मांडल्या गेलेल्या केडेम्लिया या रचनेच्या आधारे, कोणता भाग कोणाकडे आहे याची नोंदही सहभागी संगणकांतच विखरून ठेवणे शक्य झाले.

बिटटॉरेंटमध्ये फाइलचे लहान लहान खंड पाडले जातात. प्रत्येक खंडातील मजकुरावरून गणिताने एक ठरावीक लांबीची संख्या काढतात. तिला हॅश म्हणतात. टॉरेंट नावाच्या छोट्या फाइलमध्ये या संख्यांची नोंद असते. खंड कोणाकडूनही आला, तरी त्याची हॅश नोंदीशी जुळली तरच तो स्वीकारला जातो. देणाऱ्याची ओळख नसतानाही व्यवहार विश्वसनीय राहतो, त्याचे रहस्य हेच. तथापि हॅशमुळे प्रत मूळ फाइलबरहुकूम आहे एवढेच सिद्ध होते. मूळ फाइलच सदोष वा अपायकारक असेल, तर तो दोष हॅशला दिसत नाही.

खंड मागवताना, सहभागी संगणकांमध्ये ज्याच्या प्रती सर्वांत कमी आहेत तो आधी घेतला जातो. दुर्मिळ खंड नष्ट होऊ नयेत, हा त्यातील हेतू. देताना, जो आपल्याला अधिक वेगाने देतो त्याला प्राधान्य मिळते. पण नवागताजवळ देण्यासारखे काहीच नसते. त्याच्यासाठी अधूनमधून एखाद्या सहभागीला परतफेडीचा विचार न करता खंड दिला जातो. सावडीत नव्या घराला पहिल्या दिवशी कोणीतरी विश्वासाने हात द्यावा, तसाच हा प्रकार होय.

ग्रामीण भागातील शिक्षणसंस्थांना याचा उपयोग कसा होईल, हे एका हिशेबावरून स्पष्ट होते. समजा, शहापूर किंवा मुरबाड येथील एखाद्या महाविद्यालयात दहा संगणकांवर 4 गीगाबाइटची एकच फाइल हवी आहे आणि बाहेरील जोडणी सेकंदाला 10 मेगाबिट वेगाची आहे. एका प्रतीस सुमारे 53 मिनिटे लागतात. दहा प्रती बाहेरूनच आणल्या तर जवळजवळ नऊ तास. परंतु बिटटॉरेंटच्या आज्ञावलीत स्थानिक सहभागी शोधण्याची सोय चालू ठेवली, तर बाहेरून आलेले खंड संस्थेच्या अंतर्गत जालावर परस्परांत वाटले जातात. अनुकूल परिस्थितीत सर्वांचे काम एक प्रत आणण्याच्या वेळेहून फारसे अधिक न लागता होते. किविक्सच्या साहाय्याने जोडणीविना वाचता येणारा मराठी विकिपीडिया, लिनक्सच्या आवृत्त्या, इंटरनेट अर्काइव्हमधील मुक्त ग्रंथ ही सामग्री अशा रीतीने कायदेशीरपणे मिळवता येते.

या पद्धतीच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. पूर्ण प्रत बाळगणारा एकही सहभागी उरला नाही आणि राहिलेल्यांकडील खंड मिळूनही फाइल पुरी होत नसेल, तर ती कोणालाच मिळत नाही. मोबाइल जोडणीत अनेक ग्राहकांमध्ये एकच सार्वजनिक पत्ता विभागला जात असल्याने बाहेरील संगणकास आत संपर्क साधणे कठीण जाते. शिवाय फाइल उतरवताना देवाणही चालू असते, आणि ठरावीक डेटा विकत घेणाऱ्याच्या हिशेबात तीही धरली जाऊ शकते. जेथे मोबाइलचा संकेतच क्षीण असतो, तेथे एका फोनवरून दुसऱ्या फोनवर थेट फाइल देणे हाच सोयीचा मार्ग ठरतो. त्यासाठी लोकप्रिय असलेल्या शेअरइट व झेंडर यांवर भारत सरकारने 29 जून 2020 रोजी बंदी घातली. परंतु ब्लूटूथ व क्विक शेअर यांसारख्या सोयी उपलब्ध आहेत.

कायद्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची गोष्ट हीच देवाण होय. एखादा चित्रपट किंवा पाठ्यपुस्तक अनधिकृतपणे उतरवणारा विद्यार्थी स्वतःस केवळ ग्राहक समजतो. वस्तुतः त्याचा संगणक त्याच क्षणी त्या कृतीचे वितरण करीत असतो, आणि त्याचा जालावरील पत्ता इतर सहभागींना दिसत असतो. 1957 च्या कॉपीराइट अधिनियमाच्या कलम 63 नुसार जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनास तीन वर्षांपर्यंत कारावास व दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तंत्र निषिद्ध नाही. वाटली जाणारी वस्तू वाटण्याचा अधिकार आहे की नाही, हा प्रश्न आहे.

सारांश, या पद्धतीची उपयुक्तता यंत्रांच्या सामर्थ्यापेक्षा सहभागींच्या वर्तनावर अवलंबून आहे. आपली फाइल पूर्ण होताच आज्ञावली बंद करणारा, आपल्या खाचराची लावणी उरकून घरी बसणाऱ्यासारखाच होय. ज्या संस्थेची जोडणी मंद आहे, तिलाच या सावडीची गरज अधिक. म्हणून उतरवलेली मुक्त सामग्री काही काळ इतरांसाठी खुली ठेवणे, हा तिच्या वापराचा पहिला नियम मानला पाहिजे.